सेंट किल्डाच्या गल्लीतला रोलंड



भारतातून कोणी पाहुणे आले की आपण मेलबर्नकर त्यांना सेंट किल्डाला नेतोच. ९६ नंबरची ट्राम, लूना पार्कच्या आ वासलेल्या तोंडासमोर फोटो, एक्लंड स्ट्रीटवरच्या काचेमागचे केक, आणि मग वाऱ्यात कुडकुडत किनाऱ्यावर चक्कर. ही सहल मी इतक्या वेळा केली आहे की आता डोळे मिटून करू शकेन. पण त्याच सेंट किल्डात एक साधी गल्ली आहे. रोलंड एस. हॉवर्ड लेन. २०१५ साली पोर्ट फिलिप कौन्सिलने तिला हे नाव दिलं. तिच्या जवळून मी पाहुण्यांना घेऊन निदान वीस वेळा तरी गेलो असेन, पण हा रोलंड कोण असा प्रश्न मला कधी पडला नाही. असेल कोणी नगरसेवक, असं धरून चाललो होतो.

मग आमच्या टीममधल्या एका डेटाबेसवाल्या काकांनी मला चुकीतून बाहेर काढलं. काका म्हणजे आपले आपणच म्हणायचं, इकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. निवृत्तीला आलेला हा माणूस दिवसभर काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचा, आणि हेडफोनमधून जे काही झिरपायचं ते मला वेल्डिंगच्या दुकानासारखं वाटायचं. एकदा रात्री उशिरापर्यंत एक मायग्रेशन चालू होतं, आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं. त्याने दुसऱ्या दिवशी दोन सीडी आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. एकीचं नाव 'टीनेज स्नफ फिल्म', दुसरीचं 'पॉप क्राइम्स'. दोन्ही रोलंड हॉवर्डच्या. एक १९९९ची, एक २००९ची. स्वतःच्या नावावर त्याचे एवढेच दोन सोलो स्टुडिओ अल्बम.

स्नफ फिल्म म्हणजे ज्यात खराखुरा खून दाखवला आहे असं सांगितलं जातं तसला चोरटा सिनेमा. म्हणजे अल्बमचं नाव झालं, कोवळ्या वयाचा खुनी सिनेमा! मी ती सीडी आठवडाभर गाडीतच ठेवली, घरात नेली नाही. बायकोला काय सांगणार?

आता इतक्या दिवसांनी तुम्हाला त्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात त्याच्या सोळाव्या वर्षापासून करायला हवी, कारण त्या वर्षी त्याने जे केलं ते जन्मभर त्याच्या मागे लागलं.

रोलंड स्टुअर्ट हॉवर्डचा जन्म २४ ऑक्टोबर १९५९चा, मेलबर्नचा. हॅरी हा भाऊ, अँजेला ही बहीण. मुलगा हाडकुळा, पांढराफटक, मोठ्या डोळ्यांचा. शाळकरी वयातच बँड वगैरे सुरू झाले होते. सोळाव्या वर्षी त्याने एक गाणं लिहिलं, 'शिव्हर्स'.

मंडळी, इथे जरा स्वतःचं सोळावं वर्ष आठवा. माझ्या अकरावी-बारावीत आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात मी चारोळ्या लिहीत असे. चंद्रशेखर गोखल्यांचं 'मी माझा' उशाशी, आणि शेजारी एक दोनशे पानी वही. त्या वहीत साधारण दर पाचव्या चारोळीत मी मरत असे. जिच्यासाठी मरत असे तिला माझं नावही माहीत नव्हतं. हे सगळं मी अत्यंत गंभीरपणे करत होतो. रोलंडच्या आजूबाजूची मुलंमुलीही तेच करत होती, पंधरा दिवसांचं प्रेम आणि मग जन्मभराचा वनवास. फरक इतकाच की हा मुलगा त्यांच्यातच बसून ते बघत होता आणि त्याला हसू येत होतं. 'शिव्हर्स' हे त्या हसण्यातून आलेलं गाणं आहे. गाण्यातला प्रेमवीर इतका व्याकूळ आहे की मरणाच्या गोष्टी करतो, पण त्याचं अर्धं लक्ष आपण कसे दिसतो आहोत याकडेच आहे. चाल मात्र खरोखरच सुंदर आणि उदास. थट्टा आहे हे कळायला शब्द नीट ऐकावे लागतात.

आणि गडबड झाली ती इथेच.

१९७७-७८मध्ये रोलंड 'यंग चार्लटन्स' नावाच्या बँडमध्ये होता. त्यांनी गाणं रेकॉर्ड केलं, पण बँड टिकला नाही. १९७८च्या अखेरीस तो 'बॉइज नेक्स्ट डोअर'मध्ये गेला. या बँडचा गायक होता निक केव्ह, पुढे जगभर गाजलेला. बरोबर मिक हार्वी, ट्रेसी प्यू आणि फिल कॅल्व्हर्ट. त्यांचा पहिला अल्बम 'डोअर, डोअर' तेव्हा अर्धा झाला होता, रोलंड आल्यावर दुसरी बाजू नव्याने रेकॉर्ड झाली आणि तिच्या शेवटी 'शिव्हर्स' आलं. गायला अर्थातच निक केव्ह. त्याने ते गायलं अगदी काळीज पिळवटून. सोळा वर्षांच्या पोराने केलेली थट्टा वीस-बावीस वर्षांच्या दुसऱ्या पोराने मनावर घेतली म्हणा ना. १९७९मध्ये गाणं सिंगल म्हणून आलं, आणि आत्महत्येचा उल्लेख आहे म्हणून रेडिओवाल्यांनी ते वाजवायला नकार दिला. म्हणजे गायकाने ते खरं मानलं, रेडिओने खरं मानलं, आणि पुढे ऐकणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनीही खरंच मानलं. १९८६च्या 'डॉग्ज इन स्पेस' या सिनेमात ते आहे, नव्वदच्या दशकात 'स्क्रीमिंग जेट्स'नी ते पुन्हा गाऊन चांगलं लोकप्रिय केलं. ते गाणं रोलंडने स्वतः गायला हवं होतं, असं खुद्द केव्हनेही पुढे मोकळेपणाने मान्य केलं. पण तोवर फार उशीर झाला होता.

विचार करा, वयाच्या सोळाव्या वर्षी केलेला एक विनोद, तो लोकांना विनोद म्हणून कळलाच नाही, आणि पन्नाशीपर्यंत लोक तेच गाणं म्हणा म्हणून ओरडताहेत. माझ्या चारोळ्यांची वही आईने रद्दीत दिली याबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा तिचे मनोमन आभार मानले.

असो. आता थोडं तांत्रिक. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) रोलंडची खरी ओळख गिटारवाल्यांमध्ये त्याच्या आवाजामुळे आहे. त्याच्याकडे फेंडर कंपनीची 'जॅग्वार' गिटार होती. साठच्या दशकातलं हे मॉडेल तेव्हा फॅशनमधून पार गेलेलं होतं, कंपनीने १९७५च्या सुमारास ते बनवणंच थांबवलं होतं. आवाज पातळ आणि धारदार. ती तो फेंडरच्याच 'ट्विन रिव्हर्ब' अँप्लिफायरमधून मोठ्या आवाजात वाजवायचा, म्हणजे प्रत्येक सूर रिकाम्या विहिरीत दगड टाकल्यासारखा घुमायचा. आणि त्यावर फीडबॅक! आपल्या गणेशोत्सवात भाषण सुरू होताना माइक कुईऽऽ करून ओरडतो ना, तोच फीडबॅक. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये, तिथून परत स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत मोठा. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला आम्ही लिहायचो की अशी सिस्टिम अनस्टेबल असते. आपल्याकडे साउंडवाला धावत येऊन तो बंद करतो. रोलंड तो बंद करायचाच नाही. गिटार अँपच्या समोर किती अंतरावर आणि कुठल्या कोनात धरायची हे त्याला असं ठाऊक होतं की तो त्या किंचाळीतून सूर काढायचा, ती वाकवायचा, थांबवायचा. १९८०च्या 'द फ्रेंड कॅचर' या गाण्याची सुरुवात ऐकून बघा. वेल्डिंगचं दुकान का वाटलं होतं ते कळेल, आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्या दुकानात कोणीतरी गातंय हेही कळेल.

सेंट किल्डाच्या फिट्झरॉय स्ट्रीटवर जॉर्ज हॉटेलची जी जुनी भव्य इमारत आहे, तिच्यात तेव्हा 'क्रिस्टल बॉलरूम' होती. मेलबर्नच्या पंक मंडळींचं ते देऊळच. तिथे वाजवून वाजवून हे पाच जण १९८०मध्ये लंडनला गेले आणि बँडचं नाव बदलून 'बर्थडे पार्टी' केलं. आपण इकडे येतो ते व्हिसा आणि नोकरी हातात घेऊन, तरी पहिल्या सहा महिन्यांत भाड्याचं घर मिळवताना नाकी नऊ येतात. यांच्याकडे तेही नव्हतं. पैसे नाहीत, ओळखी नाहीत, थंडी आणि उपासमार. लंडनने त्यांची निराशा केली. पण बीबीसीच्या जॉन पीलने त्यांना उचलून धरलं, आणि 'प्रेअर्स ऑन फायर' (१९८१) व 'जंकयार्ड' (१९८२) या अल्बमांनी ते युरोपभर माहीत झाले. पहिला तर त्यांनी उन्हाळ्यात मेलबर्नला परत येऊन रेकॉर्ड केला होता. परदेशात नाव व्हावं म्हणून काढलेला अल्बम करायला माहेरी यावं लागलं!

१९८२मध्ये मंडळी बर्लिनला गेली, १९८३मध्ये बँड फुटला. एका बँडमध्ये दोन लिहिणारे, दोघांचीही मतं ठाम, हे किती दिवस चालणार? आपल्याकडच्या नाटक कंपन्यांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. केव्हने मिक हार्वीला घेऊन 'बॅड सीड्स' काढला आणि तो मोठा होत गेला. ट्रेसी प्यू १९८६मध्ये, जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा असताना गेला.

रोलंडची पुढची दहा-बारा वर्षं मी भराभर सांगतो. अमेरिकन गायिका लिडिया लंचबरोबर त्याने काम केलं. 'सम व्हेल्वेट मॉर्निंग' या १९६७च्या ली हेझलवूड आणि नॅन्सी सिनात्राच्या द्वंद्वगीताचा त्या दोघांचा अवतार १९८२चा, आणि 'शॉटगन वेडिंग' हा अख्खा अल्बम १९९१चा. मध्ये 'क्राइम अँड द सिटी सोल्यूशन' या बँडमध्ये भाऊ हॅरी आणि मिक हार्वीबरोबर. विम वेंडर्सचा १९८७चा 'विंग्ज ऑफ डिझायर' पाहिला असेल तर बर्लिनच्या क्लबात वाजवणारा जो हाडकुळा गिटारवाला दिसतो, तो हाच. मग स्वतःचा बँड, 'दीज इमॉर्टल सोल्स'. त्यात हॅरी, रोलंडची जोडीदार जेनेव्हिव्ह मॅकगकिन आणि ड्रमवर एपिक साउंडट्रॅक्स या टोपणनावाचा इंग्लिश माणूस. १९८७ आणि १९९२ असे दोनच अल्बम. दुसऱ्याचं नाव 'आय अ‍ॅम नेव्हर गॉना डाय अगेन', म्हणजे मी पुन्हा म्हणून मरणार नाही. जणू एकदा मरून झालंय! अमर आत्मे असं बँडचं नाव आणि त्यावर हे. या माणसाचा विनोद असा असतो, तो सांगून हसत नाही, बाजूला ठेवून निघून जातो.

यश मात्र हुलकावणी देत राहिलं. हेरॉइनचं व्यसन होतं, ते त्याने कधी लपवलं नाही आणि मीही इथे त्याला रंग चढवणार नाही. आमच्या हॉस्टेलवर काही जणांना वाटायचं की रॉकस्टार व्हायचं तर हे लागतंच. रोलंडचं आयुष्य बघितलं तर त्या व्यसनाने त्याला काय दिलं ते सापडत नाही, काय नेलं त्याची यादी मात्र मोठी आहे. त्या यादीत कामाची वर्षं सगळ्यात वर.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो मेलबर्नला परतला. तिकडे निक केव्ह जगभर दौरे करत होता. इकडे रोलंड चाळिशीला आलेला, हाताशी फारसं काही नाही. अशा वेळी १९९९मध्ये 'टीनेज स्नफ फिल्म' आला. निर्माता लिंडसे ग्राव्हिना, बासवर ब्रायन हूपर, आणि ड्रम व ऑर्गनवर कोण, तर मिक हार्वी! केव्हचा उजवा हात असलेला हा माणूस रोलंडलाही शेवटपर्यंत सोडून गेला नाही. दोघांच्या भांडणात मधला मित्र टिकवणं किती अवघड असतं हे आपल्याला कुठल्याही मंडळाच्या निवडणुकीनंतर कळतं.

दहा गाणी आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोनाश फ्रीवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, पाऊस होता. 'डेड रेडिओ' सुरू झालं. जड, सावकाश ड्रम, त्यावर ती काचेसारखी गिटार, आणि मग आवाज. तो आवाज गोड नाही, रेंजही फार नाही. झोप न झालेल्या माणसाने जेवणाच्या टेबलावर शांतपणे काहीतरी भयंकर सांगावं तसा तो गातो. सगळी गाणी प्रेमभंगाची. पण इथे प्रेमभंग झालेला माणूस स्वतःची कीव करत नाही, स्वतःलाच टोमणे मारतो. उपमा अशा की आधी हसू येतं आणि मग आपण का हसलो असा प्रश्न पडतो. मराठीत याच्या जवळचं काही आठवायचं तर मला मर्ढेकर आठवतात. तोच तिरकसपणा, तीच खाली दडपलेली करुणा, आणि तोच गैरसमज की हा माणूस फक्त निराशावादी आहे.

अल्बममध्ये दुसऱ्यांची दोन गाणी आहेत, त्यातलं एक बिली आयडॉलचं 'व्हाइट वेडिंग'. मूळ गाणं १९८२चं, उड्या मारायचं, एमटीव्हीवर गाजलेलं. रोलंडने त्याची हवाच काढून घेतली. इतकं संथ आणि थंड केलं की वरातीत वाजणारं गाणं कोणी रात्री अडीच वाजता रिकाम्या कार्यालयात, खुर्च्या उचलून झाल्यावर, एकट्याने म्हणावं तसं वाटतं. मूळ गाण्याच्या शब्दांत केवढी भीती होती हे तेव्हा कळतं. शेवटचं 'स्लीप अलोन' संपतं तेव्हा गिटार बराच वेळ नुसती जळत राहते. मी गाडी घरासमोर लावून ते संपेपर्यंत आत बसून राहिलो होतो, आणि मुलगी खिडकीतून हात हलवत होती.

अल्बम फार विकला गेला नाही. पण ज्यांनी ऐकला त्यांनी दुसऱ्याला दिला, असा तो हळूहळू पसरला. डेटाबेसवाल्या काकांनी मला दिला तसाच. कुठल्याही कलाकाराला यानंतर दोन-तीन वर्षांत पुढचा अल्बम काढायला लागला असता. रोलंडला दहा वर्षं लागली.

त्या दहा वर्षांत काय झालं? यकृत. हेपटायटिस सी, त्यातून यकृत निकामी होत गेलं आणि मग यकृताचा कॅन्सर. हा विषाणू रक्तातून पसरतो, इतरांनी वापरलेल्या सुया हा त्याचा नेहमीचा रस्ता. आणि यातली विचित्र गोष्ट अशी की सत्तरच्या दशकाच्या शेवटी, जेव्हा ही सगळी मुलं विशीत होती, तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. तो शोधला गेला १९८९मध्ये. वीस-वीस वर्षं तो गुपचूप काम करत राहतो. मग थकवा येतो आणि तपासणीत कळतं की लॉगमध्ये ही एरर केव्हापासून येत होती, आपण बघितलीच नाही.

तर अशा अवस्थेत, यकृत प्रत्यारोपणाची वाट बघत असताना, रोलंडने २००९मध्ये 'पॉप क्राइम्स' रेकॉर्ड केला. त्याच सुमारास मेलबर्नच्या नव्या मुलांनी त्याला शोधून काढलं होतं. 'हेट रॉक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण बँडच्या अल्बमची निर्मिती त्याने ग्राव्हिनाबरोबर केली. त्या बँडची गायिका जॉनीन स्टँडिश मग याच्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात गायली, आणि गाणंही जॉनी नावाच्या मुलीवर! ते द्वंद्वगीत ऐकताना थेट 'सम व्हेल्वेट मॉर्निंग' आठवतं, जणू सत्तावीस वर्षांपूर्वीचा धागा त्याने परत उचलला. ड्रमवर पुन्हा मिक हार्वी, सोबतीला जे. पी. शायलो. निर्माता पुन्हा ग्राव्हिना.

आठच गाणी आहेत. 'शट मी डाउन' हे त्यातलं सगळ्यात सुंदर, असं माझं मत. (काकांचं मत वेगळं, त्यावरून आमचा वादही झाला.) पण ज्या गाण्याने मला खरं थांबवलं ते त्याचं नव्हतंच. 'टॉक टॉक' या इंग्लिश बँडचं ऐंशीच्या दशकातलं 'लाइफ्स व्हॉट यू मेक इट'. आयुष्य म्हणजे आपण जे घडवतो ते, अशा अर्थाचं नाव. आपल्या ऑफिसात प्रेरणादायी पोस्टरवर असतं तसलं. मूळ गाणं खरंच छान आणि उत्साही आहे. आता ते गातोय कोण? पन्नाशीला टेकलेला, आजाराने अर्धा झालेला, यकृतासाठी यादीत नाव असलेला माणूस. चाल कमी-जास्त तीच, पण खालून बासचा भोवरा फिरतोय आणि वर गिटार करवतीसारखी. तो हे उपहासाने म्हणतोय का? की खरंच म्हणतोय, की जे केलं ते मीच केलं, दुसऱ्या कोणाला नावं ठेवायची नाहीत? मी कितीतरी वेळा ऐकलं, मला ठरवता आलेलं नाही. सोळाव्या वर्षी त्याने मरणाची थट्टा केली तेव्हा ती लोकांना खरी वाटली होती. इथे मरण खरंखुरं दारात उभं आहे, आणि हा अजून तसाच, चेहरा सरळ ठेवून.

आपले गडकरी आठवले. एकीकडे बाळकराम होऊन लोकांना पोट धरून हसवायचं, दुसरीकडे गोविंदाग्रज होऊन प्रेम आणि मरण. सावनेरला अंथरुणावर खिळलेले असताना, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, 'भावबंधन' त्यांनी मृत्यूच्या जेमतेम आधी पुरं केलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मराठीच्या तासाला ऐकली आहे. हातातलं काम संपवायची ही कसली ओढ असते?

'पॉप क्राइम्स' ऑक्टोबर २००९मध्ये बाजारात आला. त्याच महिन्यात २४ तारखेला रोलंड पन्नास वर्षांचा झाला. त्याच महिन्याच्या शेवटी सेंट किल्डात, फिट्झरॉय स्ट्रीटवरच्याच प्रिन्स ऑफ वेल्समध्ये तो वाजवायला उभा राहिला. क्रिस्टल बॉलरूमपासून चालत काही मिनिटांवर. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम. यकृत मिळालं नाही. ३० डिसेंबर २००९ला मेलबर्नमध्ये त्याचं निधन झालं. वर्ष संपायला दोन दिवस होते.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात जास्त लागली. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. देवासला अंथरुणावर पाच-सहा वर्षं, गाणं बंद. आणि नेमकं त्याच काळात स्ट्रेप्टोमायसिन आलं. एक फुफ्फुस गेलं ते गेलं, पण १९५३च्या सुमारास कुमार परत गायला बसले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं आपल्याला ते गाणं मिळालं. औषध वेळेवर आलं. हेपटायटिस सीवर सरळ विषाणूवर घाव घालणाऱ्या नव्या गोळ्या आल्या त्या २०१३-१४च्या सुमारास. ऑस्ट्रेलियात १ मार्च २०१६पासून त्या सरकारी औषध योजनेत, म्हणजे आपल्या पीबीएसमध्ये आल्या, यकृत कितीही बिघडलेलं असो वा नसो, सर्वांसाठी. आठ ते बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या, शंभरातले पंच्याण्णवच्या वर लोक बरे होतात. रोलंडला जाऊन तेव्हा सहा वर्षं आणि दोन महिने झाले होते. त्याला कॅन्सर आधीच झालेला होता, तेव्हा नुसत्या गोळ्यांनी काय झालं असतं हे कोण सांगणार. पण कुमारांना मिळालेली ती चाळीस वर्षं आणि याच्या आठ गाण्यांनंतरची शांतता, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं की जेवण जात नाही.

नंतर मात्र लोक आले. २०११मध्ये लिन-मरी मिलबर्न आणि रिचर्ड लोवेनस्टीन यांनी त्याच्यावर 'ऑटोल्युमिनेसंट' नावाचा माहितीपट काढला. नाव त्याच्याच गाण्याचं, स्वतःच्या उजेडाने प्रकाशणारा असा अर्थ. लोवेनस्टीन म्हणजे 'डॉग्ज इन स्पेस'वालाच. मग गल्लीला नाव मिळालं. २०२०मध्ये दोन्ही अल्बम पुन्हा नव्याने निघाले.

मागच्या वर्षी एका रविवारी मी मुद्दाम एकटाच ट्रामने गेलो आणि ती गल्ली पाहिली. कचऱ्याचे डबे, विटांची भिंत, नावाची पाटी. पाच मिनिटं उभा राहिलो. एक मांजर आलं, माझ्याकडे बघून कंटाळून निघून गेलं. रोलंडला आवडलं असतं बहुतेक.

कोणाला ऐकायचं असेल तर माझा सल्ला असा. थेट 'बर्थडे पार्टी'पासून सुरुवात करू नका, घरचे तक्रार करतील. आधी 'डोअर, डोअर'मधलं 'शिव्हर्स' ऐका, आणि ते गंभीर नाही हे मनात धरून ऐका. मग 'ऑटोल्युमिनेसंट', मग 'व्हाइट वेडिंग', आणि नंतर पूर्ण 'पॉप क्राइम्स' एका बैठकीत, रात्री, हेडफोन लावून. मंडळाच्या पिकनिकला स्पीकरवर लावू नये, मी लावून बघितलं आहे. आणि सीडी हवी असेल तर माझ्याकडे आहेत, पण परत द्यायच्या बोलीवर. त्या माझ्या नाहीत. काका निवृत्त होऊन क्वीन्सलंडला गेले, आणि ख्रिसमसच्या मेलमध्ये दरवर्षी त्या सीडींची चौकशी करतात.